सावल्या बंद, पाणी सपाट

संगणकावरच्या खेळात सावल्या बंद करून ठेवणाऱ्या माणसाबद्दल माझ्या चुलत भावाची काही ठाम मतं होती. असा माणूस एकतर कंजूष असतो, नाहीतर त्याला आयुष्यात कशातच रस उरलेला नसतो, असं तो म्हणायचा. तो मुंबईला असायचा आणि वर्षातून एकदा चतुर्थीला गावी यायचा, त्यामुळे बाकीचं वर्षभर ही मतं ऐकावी लागत नसत. मी सावल्या बंद करत असे, गवत बंद करत असे, पाण्यात दिसणारं आभाळ बंद करत असे, आणि उरलेलं जग आठशे बाय सहाशे ठिपक्यांत बसवत असे. कंजूष मी नव्हतो. दुसऱ्या मुद्द्याबद्दल मला खात्री नव्हती.

आमचं घर देवबागला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मधल्या वाळूच्या पट्टीवर माड, होड्या आणि आम्ही. त्या वर्षांत तिथे पर्यटक यायला लागले होते. शेजाऱ्यांनी दोन खोल्या रंगवून बाहेर बोर्ड लावला, आणि पुण्याची माणसं येऊन त्यांच्या अंगणात खुर्च्या टाकून पाण्याकडे बघत राहायची. पाण्याकडे आम्हीही बघायचो, पण वारा कुठला आहे आणि होड्या आल्या का, एवढ्यापुरतं. तेवढं बघून झालं की आत यायचो.

मी मालवणला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. साहेब जेवायला गेले आहेत, हे दिवसभर लोकांना शुद्ध मराठीत सांगायचं आणि संध्याकाळी घरी येऊन मालवणीत गप्प बसायचं, असं माझं काम होतं. संगणक कुडाळहून जुळवून आणलेला होता. खाऱ्या हवेने त्याच्या डब्याचे स्क्रू पहिल्याच पावसाळ्यात गंजले, म्हणून मी त्याची एक बाजू कायमची उघडी ठेवली आणि तिच्यासमोर टेबल फॅन लावला. संध्याकाळी वीज जायची ती केव्हातरी यायची, आणि ती आली की जेवणापर्यंत तासभर माझा असायचा.

त्या तासात मी ट्रक चालवायचो. खेळ तसा साधा होता. ट्रकमध्ये माल भरायचा आणि परक्या देशातल्या रस्त्यांवरून कुठेतरी पोचवायचा. गोळीबार नाही, शर्यत नाही. कचेरीतून सुटलेल्या माणसाने घरी येऊन पुन्हा दुसऱ्याचा माल वाहायचा यात काय मजा, असं भाऊ विचारायचा. मजा अशी होती की तिथे कुणी अर्ज घेऊन येत नसे, आणि रस्ता अंगाखालून गुळगुळीत सरकत राहायचा.

हा गुळगुळीतपणा फुकट मिळत नाही. पडद्यावर खरं तर काही हलत नसतं, एकामागून एक चित्रं येतात. सेकंदाला भरपूर आली तर गाडी धावते, कमी आली तर उचकी लागल्यासारखी चालते. जग जितकं सजवावं तितका एकेक चित्र काढायला यंत्राला वेळ लागतो आणि चित्रं कमी पडतात. सगळ्यात जड सावल्या आणि पाणी. चित्रांचा आकडा पिवळ्या अक्षरांत पडद्याच्या कोपऱ्यात दिसेल अशी सोय मी करून घेतली होती. तो चाळीसच्या वर असला की मला जगाकडून काही नको असे. विसाच्या खाली गेला की उजव्या भुवईच्या वर अर्धशिशी उठायची. समुद्रात मला कधी मळमळलं नाही, पण उचक्या देणाऱ्या ट्रकात मळमळायचं. म्हणून मी एकेक शोभेची वस्तू काढून टाकली. झाडं म्हणजे हिरवे पुठ्ठे झाले, नद्या म्हणजे निळे पत्रे झाले, आणि त्यांच्यामधून मी लोण्यासारखा जात असे.

मग आईला अर्धांगवायूचा झटका आला.

ती मासळी विकायची. पहाटेच्या एसटीने पाटी घेऊन कणकवलीला जायची, कधी तळेऱ्याला, आणि बाजाराच्या दिवशी थेट वैभववाडीपर्यंत. घाटाखालच्या गावांत समुद्र बघितलेला नसतो पण बांगडा कळतो, असं ती म्हणायची. सगळी हयात तिची रस्त्यावर गेली. झटक्यानंतर डावी बाजू गेली, बोलणं जड झालं, आणि ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की औषधांपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे हिला रोज काही वेळ तरी खुर्चीत ताठ बसवा. पडून राहिली तर छातीत कफ धरेल आणि त्यातच जाईल.

सांगायला सोपं होतं. दिवसा शेजारची एक बाई तिच्याजवळ असायची, तिने प्रयत्न केला. संध्याकाळी मी केला. उशा लावून खुर्चीत बसवलं की आई चांगल्या हाताने उशी ओढून खाली टाकायची आणि स्वतः तिच्या मागे घसरायची. बसून बघायचं काय, हा तिचा प्रश्न होता. तिने तो विचारला नाही, पण समोर भिंत होती आणि भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर होतं, तेव्हा मला कळला. खुर्ची ओटीवर नेऊन बघितली. तिथून समुद्र दिसायचा. तिने डोळे मिटून घेतले. काही आठवड्यांत तिचा श्वास रात्री वाजायला लागला. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, ऐकलं, आणि पुन्हा तेच सांगितलं, फक्त जरा हळू आवाजात.

त्या वर्षी चतुर्थीला भाऊ आला तो ग्राफिक्स कार्ड घेऊन. मुंबईत त्याने स्वतःसाठी नवीन घेतलं होतं, हे जुनं त्याने माझ्यासाठी आणलं होतं. प्रेमानेच आणलं होतं, त्यात शंका नाही. पण आमच्याकडे चाकरमान्याने आणलेली वस्तू नुसती खोक्यातून काढून लावता येत नाही. तिला गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे मोठ्याने घातलेलं साकडं, लागतं. आरती झाल्यावर भावाने ते कार्ड गणपतीसमोर पानसुपारीशेजारी ठेवलं, आणि भावकीतल्या थोरल्यांनी नारळ हातात घेऊन सुरुवात केली.

"बा देवा गणपती म्हाराजा, तुझ्या ह्या लेकरान मुंबयसून जी काय वस्तू हाडलेली आसा, ती ह्या घराक मानवां दे. लायटीचा कमीजास्त झाला तर तूच सांभाळून घे."

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे म्हणालो. मी देखील म्हणालो. लायटीचं कमीजास्त ही आमच्याकडे खरोखरच देवावर सोडण्याची बाब होती, त्यामुळे गाऱ्हाण्यातला तेवढा भाग मला पटला.

कार्ड बसलं. भावाने सगळी बटणं वरच्या टोकाला नेली, गवत, धुकं, सावल्या, पाणी, आणि घरातल्यांना पडद्यासमोर जमवलं. आईलाही आरतीसाठी खुर्चीत बसवून माजघरात आणलं होतं, ती उशा टाकून द्यायच्या बेतात होती, तेवढ्यात त्याने तिची खुर्ची पडद्याकडे वळवली. एका पुलावर ट्रक उभा करून तो पाणी दाखवत होता. पाण्यात आभाळ होतं, आभाळात ढग होते, आणि ढग हलत होते, म्हणजे दर सेकंदाला दहाबारा वेळा जागा बदलत होते. कोपऱ्यातल्या पिवळ्या आकड्याकडे मी बघत होतो आणि भुवईवर बोट दाबून ठेवलं होतं. पुलाच्या पुढे रस्त्याकडेला एक झाड होतं.

"झाडाखाली सावली पडली हा," आई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. कितीतरी दिवसांत तिने पूर्ण वाक्य बोललेलं नव्हतं. ते जड आणि घसरतं होतं, पण पूर्ण होतं. भावाला वाटलं, हे त्याच्या कार्डाचं कौतुक आहे, आणि त्या दिवसापुरतं ते होतंही. आई आरतीनंतर प्रसाद वाटेपर्यंत खुर्चीत बसून राहिली. उशी जागेवर होती.

चाकरमानी परतले. मी सगळी बटणं खाली आणली आणि जरा वेळ डोळे मिटून बसलो. नव्या कार्डावर माझं सपाट जग आता साठच्या वर धावत होतं. वाटलं, उपाय सापडला. आई बसेल, मला माझा गुळगुळीत तास मिळेल, दोघांचं भागेल. दुसऱ्या दिवशी तिची खुर्ची माझ्या मागे आणली, ट्रक सुरू केला.

ती थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "सावली खंय गेली?"

"काढलंय."

"कित्याक?"

गाडी बरी चालावी म्हणून, असं मी सांगितलं. तिने पडद्याकडे बघितलं. रस्ता सुरेख सरकत होता. ऊन सगळीकडे सारखं होतं, झाडावर, रस्त्यावर, झाडाखाली.

"आणि पाटी खंय ठेवतलस? उनात?"

ज्यांनी मासळी विकली आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. एसटीतून उतरल्यावर बाई पहिल्यांदा गिऱ्हाईक बघत नाही, सावली बघते. पाटी उन्हात ठेवली की तासाभरात माशाचा डोळा पांढरा पडतो, कल्ला काळपट होतो, आणि मग कोणी भावसुद्धा विचारत नाही. कुठल्या नाक्यावर सकाळी कोणत्या बाजूला सावली असते आणि दुपारी ती कुठे सरकते, यावर आईची बसायची जागा ठरायची. तळेऱ्याच्या फाट्यावर तिचं एक झाड होतं, आणि त्याच्याखालच्या जागेवरून तिने घाटावरच्या एका भाजीवालीशी वर्षानुवर्षं वैर धरलं होतं. माझ्या पडद्यावरच्या देशात उतरायला जागाच नव्हती.

"माका भितर व्हर," ती म्हणाली, आणि उशी ओढायला लागली.

मी तिला आत नेलं. त्या रात्री तिची छाती वाजत होती, आणि मला पिवळ्या आकड्याचा थोडा राग आला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत साहेब जेवायला गेलेले असताना मी कागदाच्या पाठीवर हिशेब मांडत बसलो. काय बंद केलं म्हणजे सावल्या परवडतील. गवत गेलं, धुकं गेलं, आरशातलं प्रतिबिंब गेलं, लांबचे डोंगर गेले. पाणी सगळ्यात आधी गेलं. ठिपके आणखी कमी केले, तेव्हा ट्रकच्या कडा करवतीसारख्या दिसायला लागल्या. एवढं करून सावल्या लावल्या तर आकडा अठराच्या आसपास. माझं डोकं अठराला दुखायचं.

एक मार्ग होता, तो तंत्रज्ञानाचा नव्हता. गाडी हळू चालवली तर दोन चित्रांमध्ये जग फारसं बदलत नाही आणि उचकी कमी जाणवते. वीस-पंचवीसच्या वेगाने, एखाद्या घाटातल्या भरल्या एसटीसारखा, मी ट्रक हाकायला लागलो. मागून येणाऱ्या गाड्या भोंगे वाजवत. माल कधीच वेळेवर पोचत नसे, आणि पोचला तरी खेळातला मालक मला अपमानकारक निरोप पाठवत असे. पुढेपुढे त्याने मला काम देणंच बंद केलं. तरी रिकामा ट्रक घेऊन हिंडता येत होतं. सरकारी नोकरीतल्या माणसाला ही परिस्थिती नवीन नव्हती.

आई बसायला लागली. आधी जरा वेळ, मग वीज असेल तोवर. बोलणं तिला कष्टाचं व्हायचं, म्हणून तिने औषधाचा चमचा आणि स्टीलचा पेला घेतला. पेल्यावर एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चल. कंडक्टरची घंटा ती आयुष्यभर ऐकत आली होती, ती माझ्याहून तिला जास्त पाठ होती. झाड आलं की एक टोला. मी गाडी कडेला घेऊन सावलीत उभी करायचो. सावली अर्धवट असेल, नुसती रेघ असेल, तर ती मान हलवायची आणि दोन टोले द्यायची. चांगली, गोल, जमिनीला घट्ट धरून बसलेली सावली असली की आम्ही बराच वेळ थांबायचो. उभी गाडी उचक्या देत नाही. काही हलतच नसल्याने यंत्र निवांत व्हायचं, पिवळा आकडा हळूहळू वर चढायचा, आणि माझी डोकेदुखी उतरायची. टेबल फॅन घरघरत असायचा. मागे आईचा श्वास ऐकू यायचा, आणि तो मोजायचा नाही असं मी ठरवलं होतं.

मला माझा जुना तास आठवायचा, नाही असं नाही. एखाद्या दिवशी वीज लवकर आली आणि आई झोपलेली असली की मी सगळं बंद करून पाच-दहा मिनिटं लोण्यासारखा जाऊन यायचो. मग पुन्हा बटणं जागेवर.

पुढच्या चतुर्थीला भाऊ आला आणि आल्याआल्या पडद्यासमोर बसला.

"ह्या काय रे सेटिंग? पाणी बघ, पत्रो घातल्यासारखा दिसता. आणि सावली तेवढी टॉपक. असा कोण ठेवता?"

मी म्हणालो, आम्ही ठेवतो. त्याने मला म्हातारा म्हटलं आणि बटणं वर न्यायला सुरुवात केली. आई मागे खुर्चीत होती. तिच्या मांडीवर पेला होता, त्याला वाटलं पाण्याचा असेल. त्याने नदीकाठचा रस्ता घेतला आणि जोरात निघाला, कारण त्याच्या मते पाणी वेगातच खुलतं. ट्रक उचक्या देत होता, आभाळ नदीत तुकड्यातुकड्यांनी पडत होतं. पहिलं झाड आलं. आईने एक टोला दिला. तो गेला पुढे. दुसरं झाड. टोला. त्याने मागे न बघताच सांगितलं, काकी, बघ गो, पाण्यात ढग दिसतत. तिसऱ्या झाडाला आईने टोला दिला नाही. तिने उशी ओढली.

मी उठणार होतो. पण ती बोलली, आणि मला नव्हे.

"पाणी काय बघूचा? पाणी भायर आसा. गाडी सावलेत घे, नायतर माका भितर व्हर."

भावाचा हात थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याला डॉक्टरांचं सांगितलं, कफाचं, आणि बसण्याचं. थोडक्यात सांगितलं, कारण ती ऐकत होती आणि तिला स्वतःबद्दल बोललेलं आवडत नसे. टोल्यांचं सांगितलं. पाटीचं सांगायला लागलो तेव्हा त्याने मान हलवली. शाळेच्या सुट्टीत आई त्याला एकदोनदा पाटीबरोबर तळेऱ्याला घेऊन गेली होती, दिवसभर सावलीबरोबर सरकत बसवलं होतं, हे त्याला माझ्याआधी आठवलं.

त्याने पाणी स्वतः बंद केलं. मग गवत. धुक्यावर जरा रेंगाळला, धुकं त्याचं आवडतं होतं, पण तेही बंद केलं. मुंबईत वेगाच्या गोष्टी करणारा हा माणूस वीसच्या वेगाने ट्रक हाकायला लागला, आणि मागचे भोंगे ऐकून त्याचे कान लाल झाले. एक मोठं झाड आलं. एक टोला. त्याने गाडी इतकी काळजीपूर्वक कडेला घेतली की जणू मागे खरीच माणसं उभी होती.

"काकी, ह्या तळेऱ्याचा झाड काय गो?"

"नाय रे," आई म्हणाली. "पण सावली आसा मा."

झटक्यानंतर ती जवळजवळ तीन वर्षं जगली, डॉक्टरांनी धरलं होतं त्यापेक्षा बरीच जास्त. त्यातल्या शेवटच्या चतुर्थीच्या आधी भावाचा फोन आला. फोन ओटीवर होता. आम्ही नुकतेच एका झाडाखाली थांबलो होतो, मी ट्रक तसाच सोडून उठलो. नवीन कार्ड बघून ठेवलं आहे, असं तो सांगत होता. त्यावर सावल्या आणि पाणी दोन्ही एकदम चालतं, सगळं वरच्या टोकाला ठेवलं तरी आकडा साठच्या खाली येत नाही, तुझं डोकंसुद्धा दुखणार नाही. आणू का, म्हणाला. त्याला आणायचं होतं, ते आवाजात कळत होतं. गाऱ्हाण्याचा नारळदेखील त्याने मनात घेऊन ठेवला असेल.

मी म्हटलं, तुझी इच्छा. वेग वाढला तर ती काय म्हणेल सांगता येत नाही.

त्यावर त्याने एवढंच विचारलं.

"काकी बसता मा?"

"बसता."

"मग ऱ्हवांदे," तो म्हणाला, आणि माशांचं, पावसाचं, रेल्वेच्या तिकिटांचं विचारून त्याने फोन ठेवला.

आत पेल्यावर दोन टोले पडले, जरा रागाने. मी जाऊन बसलो आणि गाडी काढली. आकडा अठरावर आला.